पाण्याचा डोंगर, आगीचा डोंगर

ग्वाटेमाला देशाच्या नकाशात राजधानीच्या पश्चिमेला, डोंगरांच्या कुशीत, दोन गावं दिसतात. एकाचं नाव सियुदाद व्हिएहा, म्हणजे ‘जुनं शहर’. दुसऱ्याचं ला आन्तिग्वा ग्वाटेमाला, म्हणजे ‘जुनं ग्वाटेमाला’. दोघांमध्ये अंतर पाच-सहा किलोमीटरचं. क्रिकेटमुळे आपल्याला ठाऊक असलेलं वेस्ट इंडीजमधलं अँटिग्वा ते हे नव्हे. नाव तेवढं एक. पण एकाच खोऱ्यात दोन ‘जुनी’ शहरं का असावीत? आणि दोन जुनी असतील तर नवं कुठलं? या साध्या प्रश्नापासून माझं या प्रदेशाचं वाचन सुरू झालं. मी तिथे गेलेलो नाही. नकाशे, जुने वृत्तांत आणि भूगर्भशास्त्राचे लेख यांच्या आधारानेच मी त्या खोऱ्यात फिरलो आहे.

उत्तर थोडक्यात असं, की स्पॅनिश वसाहतीची ही राजधानी अडीचशे वर्षांत चार ठिकाणी मांडली गेली. प्रत्येक वेळी आधीची जागा धोक्याची ठरवून ती सोडली गेली, आणि प्रत्येक वेळी काही माणसं तिथेच राहिली. जुनी शहरं शिल्लक राहिली ती या मागे राहिलेल्या माणसांमुळे. या लेखाचा विषय ज्वालामुखींचा आहे, तितकाच तो या माणसांचाही आहे.

तीन डोंगर

आन्तिग्वाच्या कुठल्याही चौकात उभं राहिलं तरी दक्षिणेला एक जवळजवळ निर्दोष शंकू दिसतो. त्याचं नाव व्होल्कान दे आग्वा, ‘पाण्याचा ज्वालामुखी’. उंची सुमारे ३,७६० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. पश्चिमेला दोन शिखरं जोडीने उभी आहेत. त्यांतलं आकातेनांगो जवळपास चार हजार मीटरचं. त्याला खेटून असलेला व्होल्कान दे फुएगो म्हणजे ‘आगीचा ज्वालामुखी’. हा फुएगो गेली अनेक वर्षं जवळजवळ सतत धुमसतो आहे. दिवसातून कितीतरी वेळा त्याच्या माथ्यावरून राखेचा फुगा वर जातो आणि रात्री उतारांवर लाल रेघा दिसतात.

ही नावं स्पॅनिशांनी दिली. त्याआधी तिथल्या काकचिकेल माया लोकांची स्वतःची नावं होती. आग्वाला ते हुनाहपू म्हणत. ‘पोपोल वुह’ या माया ग्रंथातल्या जुळ्या वीरांपैकी एकाचं हे नाव. फुएगोचं नाव ची काक, म्हणजे ‘आग आहे ती जागा’. गावांच्या आणि खोऱ्यांच्या स्थानिक नावांकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण ती नीट ऐकली असती तर पुष्कळ काही टळलं असतं असं मला वाटतं.

आपण महाराष्ट्रातली माणसंही ज्वालामुखीच्याच दगडावर राहतो. पण आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला. तो पातळ होता, दूरवर पसरला आणि थरावर थर साचत गेला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्या थरांच्याच. त्यामुळे आपल्या मुलखात काळा पाषाण अमाप असला तरी धूर सोडणारा शंकू आपण फक्त चित्रात पाहिलेला असतो.

मध्य अमेरिकेतली गोष्ट वेगळी आहे. तिथे पॅसिफिक महासागराच्या तळाचा एक तुकडा, कोकोस भूपट्ट, शेजारच्या कॅरिबियन भूपट्टाखाली तिरका घुसतो आहे. वेग वर्षाला काही सेंटीमीटर, पण ही क्रिया लक्षावधी वर्षं अखंड चालू आहे. समुद्रतळाच्या या खडकात, त्याच्या खनिजांमध्ये, पाणी बांधलेलं असतं. साधारण शंभर किलोमीटर खोलीवर उष्णता आणि दाब इतका वाढतो की ते पाणी सुटतं आणि वरच्या तप्त खडकात शिरतं. पाणी मिसळलं की खडक कमी तापमानाला वितळतो. असा तयार झालेला शिलारस चिकट असतो आणि त्यात वायू कोंडलेले असतात. म्हणून तो आपल्याकडच्यासारखा शांतपणे वाहत नाही, स्फोट होऊन बाहेर पडतो. मेक्सिकोच्या सीमेपासून कोस्टा रिकापर्यंत किनाऱ्याला समांतर जी ज्वालामुखींची ओळ उभी आहे, ती या बुडणाऱ्या समुद्रतळाची जमिनीवरची खूण आहे.

म्हणजे आगीच्या डोंगराच्या मुळाशीही पाणीच आहे. पाण्याने फार मोठी हानी केली ती मात्र शेजारच्या डोंगरावरून.

पाणी उसळतं ती जागा

पेद्रो दे आल्वारादो याने १५२४ मध्ये पहिली राजधानी काकचिकेलांच्याच इशिमचे या राजधानीजवळ मांडली. काकचिकेल सुरुवातीला त्याचे मित्र होते. सोन्याच्या मागण्या असह्य झाल्या तेव्हा ते उठले आणि स्पॅनिशांना जागा सोडावी लागली. ही पहिली हलवाहलव. तिला कारण डोंगर नव्हता, माणसांचा राग होता.

१५२७ च्या नोव्हेंबरमध्ये दुसरं शहर वसलं ते आग्वाच्या थेट पायथ्याशी, आल्मोलोंगाच्या खोऱ्यात. माती सुपीक, हवा थंड, पाणी मुबलक. आल्मोलोंगा हा नाहुआ भाषेतला शब्द. त्याचा अर्थच ‘पाणी उसळतं ती जागा’. काकचिकेल नावाचा अर्थही तोच. दोन भाषा एकच गोष्ट सांगत होत्या आणि वसवणाऱ्यांनी ती सोय म्हणून ऐकली.

१५४१ च्या जुलैत आल्वारादो मेक्सिकोतल्या एका लढाईत मरण पावला. बातमी पोचल्यावर त्याची पत्नी दोन्या बेआत्रिस दे ला कुएवा हिने वाडा काळा रंगवून घेतला असं सांगतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शहराच्या सभेने तिला गव्हर्नर निवडलं. त्या काळी अमेरिकेत एखाद्या बाईच्या हाती असा अधिकार येणं ही विलक्षण गोष्ट होती. कागदावर तिने ‘दुर्दैवी’ अशी सही केली. त्यानंतर दोनच रात्री उलटल्या.

कित्येक दिवस पाऊस थांबला नव्हता. १० सप्टेंबरच्या रात्री आग्वाच्या उतारावरून चिखल, झाडं आणि घराएवढे धोंडे घेऊन लोंढा उतरला. बेआत्रिस आपल्या दासींसह वाड्यातल्या प्रार्थनाघराकडे धावली. प्रार्थनाघर कोसळलं आणि त्या सगळ्या त्याखाली गेल्या. शहरात शेकडो माणसं मेली. त्यांत स्थानिक आणि गुलाम माणसं किती होती, याची मोजदाद नीट कुणी ठेवली नाही.

या घटनेचा वृत्तांत त्याच वर्षी मेक्सिको शहरात छापला गेला. अमेरिका खंडात छापलेलं पहिलं बातमीपत्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. अनर्थाचं कारण शोधताना त्या काळच्या लेखकांनी बेआत्रिसच्या अतिरेकी शोकाकडे बोट दाखवलं: तिने देवाला दोष दिला, देवाने शिक्षा केली. पुढे दुसरं कारण रूढ झालं. डोंगराच्या माथ्यावरच्या विवरात तळं साचलं होतं आणि त्याचा काठ फुटला. ‘पाण्याचा ज्वालामुखी’ हे नाव त्या रात्रीवरूनच पडलं.

आजच्या अभ्यासकांना तळ्याची गरज वाटत नाही. आग्वाचा उद्रेक झाल्याची नोंद लिखित इतिहासात एकही नाही. पण त्याचे उतार जुन्या राखेचे, सुट्या दगडगोट्यांचे आहेत. अशा उतारावर दिवसच्या दिवस पाऊस मुरला की राख भिजून सिमेंटच्या ओल्या काल्यासारखी होते आणि घळीतून धावत सुटते. जावा बेटावरच्या भाषेतून आलेला ‘लाहार’ हा शब्द जगभर यासाठी वापरतात. लाहार यायला ज्वालामुखी जागा असावा लागत नाही. उतार, राख आणि पाऊस एवढं पुरतं.

वाचलेल्या स्पॅनिशांनी शहर हलवायचं ठरवलं. पण आल्वारादोबरोबर मेक्सिकोतून आलेले त्याचे नाहुआ साथीदार, ज्यांच्या जोरावर हा मुलूख जिंकला गेला होता, ते तिथेच राहिले. त्यांच्या वंशजांनी वसवलेलं गाव म्हणजे सियुदाद व्हिएहा. पहिल्या ‘जुन्या शहरा’चा उलगडा असा झाला.

तळ्याच्या तळावर

तिसरी राजधानी १५४३ मध्ये शेजारच्या पांचॉय खोऱ्यात उभी राहिली. आग्वापासून जरा लांब, सपाट, मोकळी जागा. पांचॉय या काकचिकेल नावाचा अर्थ ‘तळ्यात’ असा लावतात. खोऱ्याचा तळ गाळाने भरलेला आहे. असा मऊ गाळ भूकंपाची लाट वाढवतो. कठीण खडकावर जो हादरा सोसला जातो तो गाळावर जास्त जोराने आणि जास्त वेळ जाणवतो.

या शहराने दोनशे तीस वर्षं मध्य अमेरिकेवर राज्य केलं. इथे १६७६ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं. मठ, चर्च, वाडे उभे राहिले. भूकंप येत राहिले आणि गवंडी शिकत राहिले. भिंती जाड झाल्या, मनोरे बुटके झाले, खांब आखूड आणि रुंद झाले. १७६७ मध्ये पुरं झालेलं ला मेर्सेद चर्च या शहाणपणाचा उत्तम नमुना आहे. समोरचा भाग लग्नातल्या केकसारखा नक्षीने भरलेला, पण बांधा पैलवानाचा. सहा वर्षांनी, २९ जुलै १७७३ रोजी, सांता मार्ताच्या सणाच्या दिवशी मोठा भूकंप झाला. शहराचा बराच भाग पडला. ला मेर्सेद उभं राहिलं.

मग वाद पेटला. कॅप्टन जनरल मार्तीन दे मायोर्गा याचं म्हणणं, राजधानी हलवलीच पाहिजे. आर्चबिशप पेद्रो कोर्तेस ई लारास याचं म्हणणं, इथेच पुन्हा बांधू. न हलणाऱ्यांच्या गटाला नाव पडलं ‘तेर्रोनिस्ता’, म्हणजे ढेकळांना चिकटून बसलेले. हा वाद केवळ सुरक्षिततेचा नव्हता. चर्चचं उत्पन्न जुन्या शहरातल्या घरांवरच्या गहाणांत अडकलेलं होतं, तर दरबारला चर्चपासून थोडं सुटायचं होतं. राजाने मायोर्गाच्या बाजूने कौल दिला. १७७६ च्या जानेवारीत ला एर्मिताच्या पठारावर नुएव्हा ग्वाटेमाला, म्हणजे नवं ग्वाटेमाला, सुरू झालं. पाठोपाठ जुनं शहर रिकामं करण्याचे हुकूम निघाले. कारागिरांना नव्या शहरात जाणं भाग पडलं आणि जुन्या इमारतींचा उपयोगी माल गाड्यांवर लादून गेला.

नवं शहर बांधायला हात हवे होते. जुन्या राजधानीला लागून असलेल्या होकोतेनांगो या काकचिकेल वस्तीतल्या माणसांना त्यासाठी जबरदस्तीने हलवलं गेलं. आजही होकोतेनांगो नावाच्या दोन जागा आहेत. एक आन्तिग्वाला लागून आणि एक राजधानीच्या पोटात विरून गेलेली. शहर हलतं तेव्हा कुणाची इच्छा विचारली जाते आणि कुणाची नाही, ते या जोडनावात नोंदलं गेलं आहे.

तरीही पांचॉय रिकामं झालं नाही. गरीब लोक, मळेवाले, हट्टी म्हातारे पडक्या कमानींखाली राहत गेले. त्यांच्याकडे हलायला पैसे नव्हते आणि जमीन होती ती इथेच. आन्तिग्वाच्या रहिवाशांना अजून ‘हिरव्या पोटाचे’ म्हणतात, ते एवोकॅडो खाऊन दिवस काढण्यावरून. एकोणिसाव्या शतकात राखेच्या मातीत कॉफी रुजली आणि गावात पैसा आला. पुन्हा बांधकाम करायला फारसं कुणी आलं नव्हतं म्हणून अठराव्या शतकातलं शहर जसंच्या तसं टिकलं, आणि १९७९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. आज जगभरचे प्रवासी जे पाहायला येतात, ते हुकूम न मानलेल्या माणसांनी राखलेलं आहे.

राखेवरची राजधानी

नवी राजधानी ज्वालामुखींपासून दूर गेली का? इथे थोडं मागे, माणसाच्या इतिहासापलीकडे जावं लागतं.

पश्चिमेला आतित्लान नावाचं सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे १३० चौरस किलोमीटर, खोली तीनशे मीटरहून अधिक, आणि त्यातून बाहेर वाहणारी नदी एकही नाही. काठावर तोलिमान, आतित्लान आणि सान पेद्रो असे तीन ज्वालामुखी. त्यांच्या पायथ्याशी त्सुतुहिल आणि काकचिकेल लोकांची गावं: सान्तियागो, सान पेद्रो, सान हुआन, सान पाब्लो, सान मार्कोस. बहुतेक नावं ख्रिस्ताच्या शिष्यांची. हे दृश्य पाहणाऱ्याला सहसा कल्पना येत नाही, की हे सरोवर म्हणजेच एक ज्वालामुखी आहे. सुमारे पाऊण लाख ते पंचाऐंशी हजार वर्षांपूर्वी इथे असा प्रचंड उद्रेक झाला, की पोटातला शिलारस संपून वरची जमीन खाली बसली. अशा खड्ड्याला भूगर्भशास्त्रात काल्देरा म्हणतात. शब्द स्पॅनिश, अर्थ कढई. त्या कढईत पाणी साचलं. उद्रेकाची राख उत्तरेला फ्लोरिडाजवळच्या समुद्रतळापासून दक्षिणेला इक्वाडोरपर्यंत सापडते.

त्या राखेचा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या, सच्छिद्र दगडांचा जाड थर जवळच्या खोऱ्यांत साचला. नवं ग्वाटेमाला उभं आहे ते त्याच थरावर. फुएगो आणि आग्वापासून पळालेली राजधानी एका कितीतरी मोठ्या ज्वालामुखीच्या राखेवर जाऊन बसली. कोरडा असताना हा थर उभ्या कड्यासारखा ताठ राहतो. पाण्याने मात्र तो झपाट्याने कापला जातो, म्हणून शहराभोवती खोल घळी आहेत. १९१७ च्या डिसेंबरपासून दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत भूकंपांच्या मालिकेने हीही राजधानी पाडली. २०१० च्या मेअखेरीस पाकाया ज्वालामुखीने शहरावर राख टाकली आणि दोनच दिवसांनी आगाथा वादळाचा पाऊस कोसळला. त्या पावसात रस्त्यामध्ये एक गोल भगदाड पडून तीनमजली इमारत गडप झाली. फुटक्या गटारांच्या पाण्याने खालची राख आतल्या आत पोखरून नेली होती.

कोण हलतं, कोण राहतं

४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे तीन वाजता ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. या वेळी हललं ते देशाच्या मधून जाणारं मोताग्वा प्रस्तरभंगाचं खोरं. सुमारे तेवीस हजार माणसं गेली आणि दहा लाखांवर बेघर झाली. पक्क्या घरांची वस्ती बरीचशी टिकली. मेली ती कच्च्या विटांच्या भिंती आणि जड कौलांखाली झोपलेली डोंगरातली माया खेडी, आणि राजधानीच्या घळींच्या उतारावर झोपड्या बांधून राहिलेले लोक. इशिमचेजवळचं तेक्पान गाव जवळपास भुईसपाट झालं. परदेशी बातमीदारांनी याला ‘वर्गभूकंप’ म्हटलं. त्यानंतर खेड्यापाड्यांत कौलं जाऊन पत्रे आले.

५ ऑक्टोबर २००५ रोजी स्टॅन वादळाच्या पावसात तोलिमानच्या उतारावरून लाहार आला आणि सान्तियागो आतित्लानजवळची पानाबाह ही वस्ती गाडली गेली. मृतांची संख्या शेकड्यांत गेली. प्रेतं काढणं अशक्य झालं आणि ती जागाच दफनभूमी ठरवावी लागली. १५४१ चीच रीत, फक्त डोंगर दुसरा.

आणि ३ जून २०१८, रविवार. फुएगोच्या नेहमीच्या धुमसण्यापेक्षा मोठा उद्रेक झाला. शेकडो अंश तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोंढा लास लाहास घळीतून उतरला, घळीबाहेर सांडला आणि सान मिगेल लोस लोतेस हे गाव त्याखाली गेलं. ‘लोस लोतेस’ म्हणजे नुसतं ‘प्लॉट’. त्याच घळीजवळच्या एका आलिशान गोल्फ रिसॉर्टने आपली माणसं वेळेवर बाहेर काढली होती. गावाला हलवण्याचा इशारा वेळेत पोचला नाही. अधिकृत नोंदीत मृत आणि बेपत्ता मिळून कित्येक शेकडा माणसं आहेत. वाचलेल्यांसाठी नंतर एक वसाहत बांधली गेली. तिचं नाव ला दिग्निदाद, म्हणजे प्रतिष्ठा.

या सगळ्या घटना शेजारी शेजारी मांडल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसते. ‘धोक्याच्या जागी लोक राहतातच कशाला?’ हा प्रश्न आपण फार सहज विचारतो. तिथे राहण्याची कारणं अगदी व्यवहाराची आहेत. राखेची माती सुपीक असते, पाणी जवळ असतं, कॉफीच्या मळ्यांत मजुरी असते, आणि सुरक्षित सपाट जमीन आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर असते. राजधानी तीन वेळा हलली तेव्हा सत्ता हलली, कचेऱ्या हलल्या, चर्चच्या घंटा हलल्या. डोंगराच्या पायथ्याचं शेत कुणी हलवू शकलं नाही.

हे वाचताना मला आपली दोन गावं आठवत राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड धाब्यांखाली. नंतर अनेक गावं नव्या जागी उठवली गेली. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर आला. ज्वालामुखी नव्हता; उतार, सुटी माती आणि पाऊस होता. या दोन्ही ठिकाणी नवी गावठाणं झाली, पण शेतं जुन्याच जागी राहिली आणि माणसं रोज तिकडे जात राहिली.

आग्वाचा डोंगर आज गप्प आहे. त्याच्या उतारावर मका, भाजीपाला आणि फुलं पिकतात. सियुदाद व्हिएहात राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात रात्री घळीचा आवाज बदलला की जाग येत असेल, असं मी धरून चालतो. आल्मोलोंगा या नावाचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. गरज आहे ती घळीतला आवाज बदलण्याआधी त्याच्यापर्यंत इशारा पोचण्याची, आणि इशारा पोचला तर जायला जागा असण्याची.